पडद्यावरचा पुरुष आणि आपल्या घरातला पुरुष

जातीच्या दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा, गायरान जमिनीचा, विहाराच्या जागेचा असे रोजचे प्रश्न बाजूस ठेवून या पाक्षिकाने सिनेमावर अग्रलेख का लिहावा, असे काही वाचकांच्या मनात येईल. शंका रास्त आहे व तिचे उत्तर आम्ही आरंभीच देतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाचही तालुक्यांत ज्या घरात मोबाईलच्या पडद्यावर चित्रपट पाहिला जात नाही, असे घर आता विरळा. पूर्वी जत्रेतल्या तंबूत वर्षाकाठी एकदोनदा सिनेमा पाहावयास मिळे. आता तो मुलाच्या खिशात आहे. दीक्षा घेतल्यावर आपण घरातले देव्हारे उतरविले, बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर लावली, सकाळ-संध्याकाळ त्रिसरण-पंचशील म्हणावयास शिकलो. परंतु त्याच घरात रोज दोन-तीन तास आणखी एक उपदेशक बोलत असतो. तो काय शिकवितो, हे आपण त्यास कधी विचारले आहे काय?

तो पुष्कळ गोष्टी शिकवितो. त्यांपैकी एकीचाच विचार येथे करावयाचा आहे. पुरुष कोणास म्हणावे, शूर कोण, भित्रा कोण, प्रेम करण्याचा अधिकार कोणाचा आणि मार खाण्याची पाळी कोणाची, हे आमची मुले आज शाळेपेक्षा पडद्यावर अधिक शिकतात. सवर्णाचा मुलगा त्या पडद्यावर आपला बाप, आपला काका, आपला भाऊ पाहतो. आपला मुलगा तेथे कोणास पाहतो? महार-मांग-चांभाराच्या, भटक्याच्या, आदिवासीच्या घरातला पुरुष भारतीय चित्रपटाने कसा दाखविला, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

चित्रात काय असते, ते खोटेच तर आहे, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही. अमेरिकेचा दाखला पाहा. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ नावाच्या दिग्दर्शकाने 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट काढला. त्यात कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या मुलीचा पाठलाग करणारे जनावर म्हणून दाखविला होता, आणि ते काम चेहऱ्याला काळे फासलेल्या गोऱ्या नटाने केले होते. त्याला ठार मारणारी कू क्लक्स क्लान ही टोळी चित्रपटात तारणहार ठरली. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटन या डोंगरावर, मोडून गेलेल्या त्या टोळीची पुन्हा स्थापना झाली. हा चित्रपट न्यूयॉर्कला लागला तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे चाळीस वर्षांनी, १९५५ च्या ऑगस्टमध्ये, मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची, त्याने एका गोऱ्या बाईशी आगळीक केली असे म्हणून, हत्या झाली. केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. एका चित्रपटाने एक खून घडविला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काळ्या पुरुषाला पडद्यावर आणि पडद्याबाहेर जनावर म्हणूनच पाहिले, त्या समाजाला चौदा वर्षांच्या पोरातही पोर दिसले नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न आणि आपला प्रश्न यांचे नाते नवे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी तेथील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले होते व त्यांचे उत्तरही आले होते. १९७२ साली मुंबईत जी दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा तेथील आरशात आपण आपले तोंड पाहिले, तर त्यात वावगे काही नाही. मात्र तेथील आणि येथील चित्रांत एक मोठा फरक आहे. अमेरिकन सिनेमाने काळ्या पुरुषाला भयंकर करून दाखविले. आपल्या सिनेमाने दलित पुरुषाला आधी दुय्यम केले, मग नाहीसा केला, आणि नंतर मुका केला.

१९३६ सालचा बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' घ्या. अस्पृश्यतेवर बोट ठेवणारा म्हणून त्याचे कौतुक झाले व काही अंशी ते योग्यही होते. त्यात अस्पृश्य पुरुष कोण आहेत? एक बाप दुखिया. तो साप चावलेल्या ब्राह्मणाचे विष चोखून त्याचा जीव वाचवितो. दुसरा नवरा मन्नू. त्याच्या वाट्याला संशय आणि मारामारी येते. हळुवार, शहाणे, मनात झुरणारे प्रेम करण्याचा मान ब्राह्मणपुत्र प्रतापचा. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. त्यात अस्पृश्य मुलीचे आईबाप कथेच्या आरंभीच साथीच्या रोगाने मेलेले आहेत. ती ब्राह्मणाच्या घरी वाढते आणि तिचा हात धरणारा तरुणही ब्राह्मणच. मुलगी गुणी आहे, सोशिक आहे. पण ज्या समाजात ती जन्मली, त्या समाजातला एकही पुरुष तिच्या आयुष्यात उरत नाही. बाप नाही, भाऊ नाही, सोबतीला कोणी नाही. सवर्ण तरुणाच्या औदार्याला जागा करून देण्यासाठी दलित पुरुषाला कथेतून आधीच उठविलेले असते.

'सुजाता'ने बौद्ध परंपरेतील चांडालकन्या प्रकृती आणि भिक्खू आनंद यांची कथा आधारास घेतली आहे. ती कथा थोर आहे. परंतु त्याच परंपरेत सुनीत नावाच्या भंग्याचीही कथा आहे. राजगृहाच्या रस्त्यावर झाडणारा हा पुरुष तथागतांना पाहून भिंतीशी अंग चोरून उभा राहिला. तथागत त्याच्याजवळ गेले, त्याच्याशी बोलले व त्याला संघात घेतले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात या दोघांच्याही धम्मदीक्षेला स्थान दिले आहे. सिनेमाने प्रकृती उचलली आणि सुनीत ग्रंथातच राहू दिला. चांडालकन्येवर दया करता येते, तिच्यावर प्रेमही करता येते. सुनीताला मात्र शेजारी बसवावे लागते.

पुढे १९७० नंतर नव्या विचारांचे दिग्दर्शक आले. त्यांची सहानुभूती खरी होती, त्यांची कला मोठी होती, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तथापि त्यांनी आपला पुरुष कसा घडविला ते पाहा. १९७४ सालच्या श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये लक्ष्मी या दलित स्त्रीचा नवरा किष्टय्या मुका आणि बहिरा आहे. १९८० सालच्या गोविंद निहलानी यांच्या 'आक्रोश'मध्ये लहान्या भिकू हा आदिवासी, बायकोच्या खुनाचा खोटा आळ डोक्यावर असताना, तुरुंगात आणि कोर्टात जवळजवळ शेवटपर्यंत तोंड उघडीत नाही; आणि शेवटी जो आवाज त्याच्या कंठातून निघतो, तो शब्द नव्हे, किंकाळी असते. १९८१ साली सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेल्या 'सद्गती'मध्ये दुखी चांभार ब्राह्मणाच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो आणि त्याचे प्रेत दोराने ओढून नेले जाते. एक जन्माचा मुका, एक मौन धरलेला, एक मेलेला. तीनही चित्रे अन्यायाच्या बाजूने काढलेली नाहीत, विरुद्धच काढलेली आहेत. पण आपल्या मुलाने त्यांतून स्वतःविषयी काय शिकावे?

'अंकुर'मधील एका प्रसंगावर वाचकांनी विशेष विचार करावा. ती कथा हैद्राबादजवळच्या खेड्यातली, म्हणजे ज्या निजामी राज्यात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपली हिंगोलीही होती, त्याच मुलुखातली. किष्टय्या गाव सोडून गेलेला असतो. त्याच्या माघारी जमीनदाराच्या मुलाने लक्ष्मीला जवळ केलेले असते. किष्टय्या परततो आणि हातात काठी घेऊन त्या मुलाकडे येतो, ते काम मागावयास. परंतु त्याला येताना पाहून जमीनदाराच्या मुलाचे काळीज हलते. हा सूड घ्यावयास आला असे समजून तो त्याला चाबकाने फोडून काढतो. मुका मनुष्य सांगणार काय? हा प्रसंग लिहिणाऱ्याने खेड्यातले एक सत्य नेमके पकडले आहे. वरचा मनुष्य आपल्याच पापाला भितो आणि ती भीती खालच्या मनुष्याच्या शरीरावर लादतो. आपल्या पुरुषाच्या हातातली काठी ही म्हाताऱ्याची काठी आहे, गुराख्याची आहे, की मारेकऱ्याची आहे, हे पाहण्याच्या आधीच निकाल लागलेला असतो.

ही रीत सिनेमाने शोधून काढलेली नाही. ती जुनी आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ज्याची ख्याती आहे ते नरसी आपल्याच तालुक्यात आहे. परंपरा सांगते की, मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम करताना ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. मग नामदेवांनी तेथे जाऊन, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरच्या महाद्वारी त्यांची समाधी बांधली. नामदेवांच्या प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु जिवंत चोखोबाला महाद्वाराच्या आत प्रवेश नव्हता, आणि मेल्यावर हाडांना महाद्वाराबाहेरची जागा मिळाली, ही वस्तुस्थिती त्या कथेतच आहे. या संताच्या चरित्रावर १९५० साली जो मराठी बोलपट निघाला, त्याचे नावच 'जोहार मायबाप' होते. जोहार म्हणजे वाकलेल्या पाठीचा नमस्कार. तो टाकून आपण ताठ मानेने जयभीम म्हणू लागलो, याला आता अनेक दशके लोटली. पडद्यावर मात्र आपला मनुष्य फार काळ जोहारच करीत उभा होता, आणि त्याला मान मिळे तो मेल्यावर.

सन २००१ मध्ये 'लगान' आला व घरोघर पाहिला गेला. १८९३ सालच्या एका खेड्यातील ती कल्पित कथा. त्यात अस्पृश्य खेळाडूचे नाव काय, तर कचरा. त्याचा हात लुळा आहे, आणि चेंडू वळतो तो त्या लुळेपणामुळे. म्हणजे त्याचे कसब हे कसब नव्हे, व्यंगाची करामत! त्याला संघात घ्यावे की नाही यावर गाव भांडते, नायक त्याच्या बाजूने जोरकस भाषण करतो आणि तो स्वतः खाली मान घालून उभा राहतो. आता त्याच १८९० च्या दशकातील खरा इतिहास ऐका. पुण्यात पळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातील तरुण युरोपियनांच्या जिमखान्यावर गोलंदाजी करीत होता. त्याला चहा मिळे तो मैदानाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. हाच बाळू १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला व त्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. संघाचे नेतृत्व मात्र त्याला मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला हिंदू संघात मिळाले, तेही मोठ्या झगड्यानंतर. १९३७ च्या निवडणुकीत हे बाळू काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पडले. त्यांचे राजकारण आम्हांस मान्य नाही. परंतु त्यांचा डावा हात लुळा नव्हता, तो शिकलेला, कसलेला हात होता, आणि तोंडही मुके नव्हते. खऱ्या बाळूला विसरून कल्पित कचरा लक्षात ठेवावयास लावणे, हीच त्या पडद्याची किमया. २०१९ सालच्या 'आर्टिकल १५' मध्येही जातीच्या अत्याचाराचा छडा ब्राह्मण पोलीस अधिकारी लावतो, आणि निषाद हा बोलका, विचारी दलित पुढारी कथा संपण्यापूर्वी मारला जातो.

याचा अर्थ सर्व अंधारच आहे असा नाही. आपल्या माणसांनी लेखणी हाती घेतली तेव्हा चित्र पालटले. अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. भुकेल्या माणसांसाठी लढणारा मांग वीर तीत आहे, आणि १९६३ साली तिच्यावर चित्रपट निघाला. पण हातात कॅमेराही आपलाच असावा, यासाठी आणखी कितीतरी वर्षे जावी लागली. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' महाराष्ट्रात लागला. डुकरे धरण्याचे काम ज्याच्या माथी मारले आहे अशा कैकाडी कुटुंबातला जब्या वरच्या जातीच्या वर्गमैत्रिणीकडे नुसता पाहतो, मनात झुरतो. सगळा गाव हसत असताना त्याला बापाबरोबर डुकरामागे धावावे लागते, आणि शेवटी तो दगड उचलतो. या मुलाला लाज वाटते, राग येतो, चांगला सदरा घालावासा वाटतो. तो नमुना नाही, मुलगा आहे.

वाचकहो, यापुढील तारीख ध्यानात घ्या. 'फँड्री' लागल्यास अडीच महिने होतात न होतात तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला, तो वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून, मारून झाडाला लटकविण्यात आले. अनेक साक्षीदार उलटले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. १९५५ चे मिसिसिपी आणि २०१४ चे खर्डा यांत सात समुद्रांचे अंतर आहे, पण दोन्हीकडे मुलाचा गुन्हा एकच. त्याने स्वतःला चारचौघांसारखा मुलगा समजले. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीस एका तरुणाचा जीव गेला, त्याचे निमित्त मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची धून होते. म्हणून आम्ही म्हणतो, पडद्यावरच्या चित्राचा प्रश्न हा करमणुकीचा नाही. आपला मुलगा ताठ उभा राहिला की ज्यांना तो उर्मट दिसतो, प्रेमात पडला की गुन्हेगार दिसतो, त्यांच्या डोळ्यांत ते चित्र कोणीतरी भरलेले असते.

त्यानंतर जे चित्रपट आले त्यांतून पुरुषाची निराळी तऱ्हा दिसू लागली. २०१५ साली महाराष्ट्रात प्रदर्शित झालेल्या चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर आहे. गाणे हाच त्याचा अपराध ठरतो. तरी तो ओरडत नाही, गयावया करीत नाही, विचारलेल्या प्रश्नाला शांतपणे उत्तर देतो. ही भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती; १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने ते गेले. त्याच साली नीरज घायवान यांच्या 'मसान'मध्ये काशीच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम कुटुंबातला दीपक अभियांत्रिकी शिकतो, एका मुलीवर प्रेम करतो, आणि ती अपघातात गेल्यावर मित्रांच्या गळ्यात पडून रडतो. २०१६ च्या 'सैराट'मध्ये ट्रॅक्टर आणि बुलेट चालविते ती पाटलाची आर्ची. खालच्या जातीचा परशा कविता करतो आणि परमुलुखात संसार थाटल्यावर चुलीपाशीही बसतो. पुरुष रडला, त्याने भाकरी थापली, तो हळू आवाजात बोलला, तरी तो उणा ठरत नाही, हे या पडद्याने प्रथमच दाखविले.

येथे एका धोक्याची सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. पिढ्यान्‌पिढ्या मुका दाखविला गेलेला पुरुष बोलू लागला की त्याला पहिला मोह होतो तो मालकाच्याच भाषेत बोलण्याचा. जुन्या ग्रामीण चित्रपटातला पाटील मिशीला पीळ देई, फडात पैसा उधळी, बायकोवर हात उगारी. त्याची मिशी आपल्या मुलाने लावली तर जात मोडली असे होत नाही. पाटीलकी तेवढी एका घरातून दुसऱ्या घरात आली. दक्षिणेत पा. रंजित यांच्यासारखे दिग्दर्शक दलित नायकाला मान आणि बळ देत आहेत. धारावीच्या वस्तीतला 'काला' (२०१८) पाहून आपली पोरे शिट्ट्या वाजवितात. त्यांचा आनंद आम्ही समजू शकतो. परंतु त्या नायकाच्या मुठीपाशीच न थांबता, तो जमिनीच्या हक्कासाठी सारी वस्ती एकत्र करतो, इकडे मुलांचे लक्ष वेधणे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

याच्या उलट दुसरा सापळा आहे, तो निर्दोषपणाचा. अमेरिकेत सिडनी पॉइटिये हा थोर नट १९६४ साली सर्वोत्तम नटाचे ऑस्कर मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष ठरला. पण १९६७ सालच्या एका चित्रपटात गोऱ्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या त्याच्या नायकाला जगद्विख्यात डॉक्टर व्हावे लागले, त्याच्यात खोट म्हणून ठेवलेली नव्हती. गोऱ्या तरुणाला नुसते मनुष्य असणे पुरते. काळ्याला देवदूत व्हावे लागते. तेव्हा आपल्या पुरुषाला पडद्यावर देव करा, अशी आमची मागणी नाही. 'सैराट'मधला हळवा परशाही एके दिवशी संशयाने पेटतो आणि आर्चीला मारतो. दिग्दर्शकाने ते लपविले नाही, हे त्याचे मोठेपण. पडद्यावर तो हात उठताना ज्या घरातल्या बाईने मान खाली घातली, त्या घरातल्या पुरुषाने तो प्रसंग पुन्हा एकदा पाहावा. पंचशीलातील शेवटचे शील मद्यापासून दूर राहावयास सांगते, पहिले शील हिंसेपासून. ती दोन्ही घराच्या उंबरठ्याच्या आतही लागू आहेत.

मग पुरुषाचा नमुना कोणता? जब्बार पटेल यांनी बाबासाहेबांच्या जीवनावर चित्रपट केला, त्यात मामुट्टी यांनी मुख्य भूमिका केली व त्यांना सर्वोत्तम अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या जीवनाकडे एकदा पुरुषाचे जीवन म्हणून पाहा. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी हाती घेणारा हा पुरुष ग्रंथांनी वेढलेला होता, पोटचे पोर राजरत्न गेल्यावर कोसळला होता, १९३५ साली रमाई गेल्यावर एकांतात रडला होता. त्याने पुढे हिंदू कोड बिलासाठी, म्हणजे बायकांच्या वारसासाठी आणि घटस्फोटाच्या हक्कासाठी झगडून, १९५१ साली मंत्रिपद सोडले. धाक दाखवून कोणाला वाकविणे, हे त्या पराक्रमात कोठेच नाही. आणि हा नमुना फार दूरचा वाटत असेल, तर आपल्या वस्तीत पाहा. हळदीच्या हंगामात शिजवणीवर रात्र काढून सकाळी मुलीला शाळेत सोडणारा बाप, ऊसतोडीहून परतताच विहाराच्या वर्गणीचा हिशेब मांडणारा तरुण, आईच्या आजारपणात स्वयंपाक करणारा थोरला मुलगा, हे सारे पुरुष पडद्यावर यावयाचे आहेत. ते कोणी आणावेत? ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांनी. बार्शीपासून नागपूरपर्यंत आपल्या समाजातली मुले आज चित्रपट करीत आहेत. हिंगोलीतून का होऊ नयेत?

तोवर एक काम आपल्या हाती आहे. वर्षावासात गावोगावच्या विहारांत ग्रंथवाचन होते. त्यातली एक संध्याकाळ चित्रपटाला द्यावी. भिंतीवर चादर बांधून, भाड्याचा प्रोजेक्टर आणून, 'अंकुर', 'सद्गती', 'फँड्री', 'कोर्ट' यांपैकी एखादा सर्वांनी मिळून पाहावा. बायकांनीही, शाळकरी मुलामुलींनीही. मग दिवा लावून चारच प्रश्न विचारावेत. यात आपला पुरुष बोलतो काय? तो कोणावर प्रेम करतो काय, आणि त्याच्यावर कोणी करते काय? शेवटी तो जिवंत राहतो काय? आणि त्याच्यासाठी जे भाषण होते, ते कोण करतो? उत्तरे मुलांकडून घ्यावीत, वडीलधाऱ्यांनी मागून बोलावे. ज्या मुलाला हे चार प्रश्न विचारता येऊ लागतील, त्याला कोणत्याही पडद्याची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही. आणि ज्या मुलीला ते येतील, ती घरातल्या पुरुषालाही ते विचारील. तिने विचारले, तर तिला गप्प बसवू नका.